स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बंद करायच्या आधी घरच्यांनी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. डोक्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, आता तं बरा हाये तो, बंद केल्या तं चालते का?" डॉक्टरला हे कोणी विचारत नाही, तिथं लाईन असते, भीती वाटते, मग मला विचारतात, आणि माझ्याकडं मागे खोकल्याच्या औषधवाला उभा असतो त्यामुळे नीट सांगता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, कोणती गोळी आणि किती हे मानसोपचारवालेच ठरवणार. पण गोळी घरी आल्यावर ती चालू कशी ठेवायची, तिचा त्रास कसा ओळखायचा, हे घरच्यांचं काम आहे आणि ते कोणी शिकवत नाही.

अजून दवाखान्यात पोचलेच नसाल तर

स्किझोफ्रेनिया असा दिसतो: पोरगं एकटंच बोलते, कोणी नसताना आवाज येतात म्हणते, शेजारी पाळत ठेवून राहिले, भाजीत काही कालवलं असं म्हणते, अंघोळ सोडली, रात्रभर येरझारा, वावरात जाणं बंद. बहुतेक वेळा हे सोळा-सतरापासून तिशीच्या आसपास सुरू होतं. थांबून पाहू नका. इलाज सुरू व्हायला जितका उशीर तितकं औषध कमी आणि हळू लागू पडतं, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासात दिसलंय. गांजा ओढत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, लपवू नका, गांजानंही असंच होऊ शकतं आणि ज्याला हा आजार आहे त्याचा तो भडकतो.

आपल्याकडं पहिले बाहेरचं पाहतात, मला माहीत आहे, माझ्याही नात्यात पाहिलंय. मी त्याच्यावर भांडत बसत नाही. पूजा करा, नवस बोला, देवाला जा, फक्त गोळी त्याच दिवशी चालू करा आणि देवासाठी ती थांबवू नका. पण भूत उतरवायच्या नावानं मारणं, चटके देणं, साखळीनं बांधून ठेवणं हे चालणार नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदीच घातली. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ पेशंट पळता न आल्यानं जळून मेले, तेवढं लक्षात ठेवा.

जायचं कुठं? जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, सरकारी मेडिकल कॉलेजात असते, सेवाग्रामला आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. काहीच सुचत नसेल तर १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस म्हणतात त्या सरकारी हेल्पलाईनला, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. २०१७ च्या त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी कोणालाच माहीत नसते, की आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली पाहिजेत. आता मी मेडिकलवाला असून हे सांगून राहिलो म्हणजे समजा. तिथं "स्टॉक नाही" म्हटलं तर लेखी मागा.

गोळी करते काय

१९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन हॉस्पिटलात डीले आणि डेनिकर या दोन डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा पेशंटला देऊन पाहिलं, तिथून ही सगळी लाईन सुरू झाली. मूळ औषध ऑपरेशनच्या वेळी वापरायला आणलं होतं, डोक्यासाठी नाही. पुढं १९५८ ला बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आलं, मग रिस्पेरिडॉन, ओलान्झापिन वगैरे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते ज्या जागी जाऊन काम करते ती जागा ही औषधं अडवतात. साधारण ६० ते ८० टक्के जागा अडली की आवाज, संशय कमी व्हायला लागतात, आणि ८० च्या वर गेलं की फायदा वाढत नाही, हातपाय आखडणं, थरथर मात्र वाढते. फवारणीच्या औषधासारखंच आहे, पंपात दुप्पट टाकलं म्हणून अळी दुप्पट मरत नाही, पऱ्हाटी मात्र जळते. म्हणून "आज जास्त भडकला, दोन देऊन टाकू का" असं आपल्या मनानं करायचं नाही.

आणि ही झोपेची गोळी नाही. झोप येते काही गोळ्यांनी, पण ते तिचं मुख्य काम नाही. पहिल्या चार-आठ दिवसांत झोप आणि चिडचिड सुधारते, आवाज आणि संशय जायला दोन ते सहा आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत येतात, "काही फरक नाई, दुसऱ्या डॉक्टरकडं नेतो", मग दुसरा डॉक्टर दुसरी गोळी, तिसरा तिसरी, आणि वर्षभरात एकही औषध पूर्ण सहा आठवडे पोटात जात नाही. बरोबर डोसवर चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात, तेव्हाच लागू पडलं का नाही ते समजते.

पहिल्या आठवड्यात मान वाकडी झाली तर

हे जरा मोकळं करून सांगतो कारण इथंच लय लोकांचा इलाज सुटतो. एक बाई पोराला घेऊन दुकानासमोर आली, अठरा-एकोणीसचा पोट्टा, मान डाव्या खांद्यावर वळून तशीच अडकलेली, डोळे वर चढलेले, जीभ जाड झाल्यासारखं बोलत होता, लाळ गळून राहिली होती. बसस्टँडवरचे चार जण जमा झाले, एक म्हणे अंगात आलं, एक म्हणे निंबू आणा. मी चिठ्ठी पाहिली, हॅलोपेरिडॉल दोन दिवसांपूर्वी चालू झालेलं. ऑटोत टाकून सरकारी दवाखान्यात पाठवला, तिथं एक इंजेक्शन मारलं, अर्ध्या तासात मान सरळ आणि पोट्टा चहा पिऊन राहिला होता.

याला डिस्टोनिया म्हणतात. औषध नवीन चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत येते, तरुण पोरांत जास्त. भीतीदायक दिसते पण इंजेक्शननं पटकन उतरते. गोळी कचऱ्यात टाकायची नाही, डॉक्टरला फोन करायचा, ते डोस कमी करतील नाहीतर औषध बदलतील.

दुसरा त्रास असा की पेशंट एका जागी बसू शकत नाही, पाय सारखे हलवते, उठते-बसते, आतून कसंतरी होते म्हणते. घरच्यांना वाटते आजार वाढला, आणि ते जास्त गोळी मागतात, तर तो त्रास गोळीचाच असतो आणि जास्त दिली की वाढते. हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरला सांगा, "बसवत नाई त्याच्यानं". हा त्रास इतका वाईट असतो की काही जण जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी करतात, म्हणून थांबायचं नाही.

फक्त एका परिस्थितीत मात्र गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा: जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, भान नाही. हे क्वचित होते पण जिवावर बेतते. १०८ लावा, पुढची गोळी देऊ नका, आणि गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) सोबत न्या म्हणजे काय चालू होतं ते त्यांना समजेल.

रोज गोळी पोटात जाते का, हे कसं पाहायचं

पेशंटच्या हातात पूर्ण पत्ता देऊन मोकळं होऊ नका. पत्त्याच्या मागच्या चांदीवर पेनानं तारीख लिहा, गोळी काढली की ती तारीख फुटते, राहिली तर दिसते. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी, कारण त्या वेळी घरात कोणीतरी असतेच. वेचणीच्या दिवसांत बाया पहाटेच वावरात जातात, सकाळची गोळी हमखास राहते, डॉक्टरला म्हणा एकच वेळची करून द्या, बऱ्याच गोळ्यांचं तसं करता येते. संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी बंद, आणि चार-पाच दिवस गोळी नाही म्हणजे पुन्हा चक्र चालू. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही.

लपवून चहात, भाजीत टाकणं बरेच लोक करतात. मला पटत नाही. ज्याला आधीच वाटून राहिलं की जेवणात काही कालवतात, त्याला एक दिवस ते खरंच सापडते, मग तो घरचं जेवणच सोडते. गोळी घेतच नसेल तर डॉक्टरला सांगा. जिभेवर विरघळणारी गोळी असते, आणि पंधरा दिवसाचं, महिन्याचं इंजेक्शन असते. इंजेक्शनला लोक शेवटचा उपाय समजतात, माझ्या मते आपल्यासारख्या गावात ते लय आधी विचारायला पाहिजे, रोजची झटापट वाचते.

कंपनी बदलली म्हणून घाबरू नका, आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच असलं पाहिजे, ते वाचून घ्या. नावापुढं "प्लस" असेल तर त्यात बहुतेक वेळा ट्रायहेक्सिफेनिडिल मिसळलेलं असते, थरथर कमी करायचं औषध. साधी आणि प्लस एकच नाही. आणि चिठ्ठीशिवाय मागू नका, शेड्यूल एच आहे, मी देणार नाही.

बरा झाला, आता बंद करू का

२०१२ मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये एक मोठा हिशोब छापून आला होता, बरेच जुने प्रयोग एकत्र करून. बरे झालेले पेशंट घ्यायचे, अर्ध्यांना औषध चालू, अर्ध्यांना नकली गोळी. वर्षभरात औषधवाल्यांपैकी १०० मागे २७ जणांचा आजार उलटला, नकली गोळीवाल्यांचा ६४ जणांचा. अमेरिकेत पहिल्यांदाच आजार झालेल्यांवर १९९९ चा एक अभ्यास आहे, त्यात औषध सोडणाऱ्यांना आजार उलटायचा धोका साधारण पाचपट निघाला.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण लोकांना अर्धंच सांगितलं की ते समजून जातात. १०० पैकी ३६ जण औषधाविना वर्षभर ठीक राहिलेच ना? राहिले. पण तुमचा पोरगा त्या ३६ मधला आहे का ६४ मधला, हे आधी सांगायची कोणतीच तपासणी आज नाही. हॉलंडमध्ये २०१३ साली एक निकाल आला, तिथं सुरुवातीलाच डोस कमी करायचा प्रयत्न केलेले लोक सात वर्षांनी कामाधंद्यात, संसारात जास्त सावरलेले दिसले, ४० टक्के, आणि नेहमीच्या डोसवाले १८ टक्के. लय चर्चा झाली त्याची. मग इंग्लंडमध्ये २०२३ ला मोठा प्रयोग छापला, डोस हळूहळू कमी केला, डॉक्टरच्या नजरेखाली, तरी दोन वर्षांत सावरण्यात काही फरक नाही आणि जोराचा आजार उलटला २५ टक्के लोकांचा, चालू ठेवणाऱ्यांचा १३ टक्के. म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही, पण एका गोष्टीवर सगळे एक आहेत, झटक्यात बंद करायचं नाही.

साधारण रीत अशी की पहिल्यांदा आजार झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यावरही एक-दोन वर्षं औषध चालते, वारंवार उलटत असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. कमी करायचंच असेल तर डॉक्टरसोबत, महिन्यामहिन्यानं थोडं थोडं, आणि पेरणी, लग्न, घरातलं मरण अशा धामधुमीत तर नाहीच. बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस पेशंट उलट ताजातवाना वाटते, सुस्ती जाते ना, घरचे खुश होतात, "पाहा, गोळ्यानंच बिघडला होता". आजार दोन-चार महिन्यांनी येते आणि तोवर गोळीशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. प्रत्येकाची परत येण्याची एक ठरलेली खूण असते, कोणाची झोप उडते, कोणी दाढी सोडते, कोणी मोबाईल बंद करून ठेवते. ती खूण तुमच्या घरची कोणती हे लिहून ठेवा, दिसली की त्याच आठवड्यात दवाखाना.

उन्हाळा

हे विदर्भाबाहेरच्या डॉक्टरला सुचतही नाही. या औषधांनी अंगाचं तापमान सांभाळायची यंत्रणा ढिली होते, आणि ट्रायहेक्सिफेनिडिलनं घाम कमी येते, म्हणजे "प्लस" गोळीवाल्याला तर दुहेरी. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना पंचेचाळीसच्या वर, त्यात तो डोक्याला दुपट्टा न बांधता दुपारी बांधावर बसून राहणार, पाणी मागणार नाही. तर सकाळी दहाच्या आत वावरातून घरी, दर तासाला हातात पाण्याचा गिलास देऊन समोर प्यायला लावा, ओला दुपट्टा, कैरीचं पन्हं, ताक. क्लोरप्रोमाझिनवाल्याची कातडी उन्हानं लवकर भाजते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. अंग तापलं, कोरडं पडलं, बरळायला लागला तर पाणी मारत मारतच दवाखाना. आणि एप्रिल लागायच्या आधीच्या फेरीला डॉक्टरला विचारा की प्लसमधलं ते दुसरं औषध अजून लागते का.

बिडी, खर्रा, दारू

बिडीचा धूर लिव्हरला असं काही करते की ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. भरती असताना बिडी बंद, तिथं डोस बसवला, घरी आला आणि रोजचं एक बंडल चालू, की औषध कमी पडायला लागते. उलटंही होते, अचानक बिडी सोडली तर तोच डोस जास्त होऊन पेशंट पेंगते. सोडा म्हणा, जरूर सोडा, पण डॉक्टरला सांगून. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे खर्ऱ्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणानं, हे होत नाही.

खर्ऱ्याची गोष्ट वेगळीच आहे. सुपारीत ॲरेकोलिन असते, ते मेंदूतल्या मस्करिनिक नावाच्या जागांवर काम करते. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ ला झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या नवीन औषधाला मंजुरी मिळाली, सत्तर वर्षांत पहिल्यांदा असं औषध जे डोपामिनची जागा अडवत नाही, मस्करिनिकवर काम करते, आणि त्यातलं झॅनोमेलिन बनवताना धागा या ॲरेकोलिनचाच धरलेला. हे वाचून "मग खर्रा चालते" असं म्हणू नका. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्या भागात घरोघरी दिसते, आणि जास्त सुपारी खाणाऱ्या पेशंटचे हातपाय जास्त आखडल्याच्याही नोंदी आहेत, कारण ती थरथरीच्या गोळीच्या उलट काम करते. दारूचं काय सांगू, गोळीवर दारू म्हणजे पेशंट कुठंही पडते.

वजन, साखर, पाळी

२००५ मध्ये अमेरिकेत कॅटी नावाचा प्रयोग झाला, चौदाशेच्या वर पेशंट, दीड वर्ष. चौघांपैकी तिघांनी ठरवून दिलेलं औषध मध्येच सोडलं किंवा बदललं. ओलान्झापिन त्यातल्या त्यात जास्त दिवस चाललं, पण वजन आणि साखर त्यानंच जास्त वाढवली. आणि परफेनाझिन हे जुनं स्वस्त औषध महागड्या नव्यांच्या जवळपास बरोबरीनं निघालं. महाग म्हणजे चांगलं असं नाही. औषध चालू करताना वजन, कमरेचा घेर, साखर लिहून ठेवा, तीन महिन्यांनी परत तपासा.

रिस्पेरिडॉननं बायांची पाळी थांबू शकते. लग्न न झालेल्या पोरीची पाळी थांबली की घरात काय काय बोलतात ते सांगायला नको, आधी गोळी आठवा. पुरुषांना संबंधात अडचण येते, ते कोणालाच सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी थुंकतात. औषध बदलून दोन्हीवर उपाय निघतो.

दोन औषधं झाली तरी आवाज जात नाहीत

मग क्लोझापिनचं विचारा. १९८८ च्या अमेरिकन अभ्यासात, इतर औषधांनी न सुधारलेल्या पेशंटपैकी क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, जुन्या औषधावर फक्त ४ टक्के. डॉक्टर ते उशिरा देतात कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम पडू शकतात, १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यानं माणसं मेली होती. म्हणून सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागते, पुढं महिन्यानं. ताप किंवा घसा दुखला तर घरगुती काढा नाही, त्याच दिवशी रक्त तपासा. संडास चार दिवस नाही झाली तर तेही सांगा, या औषधात बद्धकोष्ठता जिवावर येते. आणि दोन दिवसांच्या वर गोळी चुकली तर परत पूर्ण डोस सुरू करू नका, डॉक्टरला विचारून खालून चढवावी लागते.

घरात

साताऱ्यासह भारतात तीन ठिकाणी केलेला एक प्रयोग २०१४ ला लॅन्सेटमध्ये आला, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या माणसांनी घरी जाऊन पेशंटशी, घरच्यांशी बोलायचं, औषधाची आठवण द्यायची. नुसत्या औषधापेक्षा औषध आणि हे मिळून थोडा जास्त फायदा दिसला. तुमच्या आशाताईला सांगून ठेवा. दिवसभर टोमणे, "रिकामा बसून खाते" हे ऐकणाऱ्याचा आजार लवकर उलटते, हे ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच दिसलं. बसून राहणं आळस नाही, आजाराचाच भाग आहे आणि त्यावर गोळी कमी लागू पडते. छोटं ठरलेलं काम द्या, बकऱ्या सोडणं, पाणी भरणं. लग्न केल्यानं हा आजार बरा होत नाही, पोरीच्या घरच्यांपासून लपवून तर करूच नका.

फवारणीची औषधं घरात ठेवू नका, ठेवलीच तर कुलपात आणि चावी कोणाकडं ते पेशंटला माहीत नको. मरायच्या गोष्टी करत असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना.

२०१६ च्या कायद्यानुसार मानसिक आजारही दिव्यांगात येतो, युडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं सरकारी कार्ड काढता येते, आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त लिहून मिळालं तर संजय गांधी निराधारचा अर्ज भरता येतो. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, भरतीचे डिस्चार्ज कार्ड, आधार एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जिल्ह्याच्या दवाखान्यात हे टक्के लिहून देणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या वारीच बसते, गाडीभाडं खर्चायच्या आधी फोन करून वार विचारा, आणि पेशंटला सोबत न्यावंच लागते, नुसते कागद चालत नाहीत.